रविवारचं पाणी

रविवार, १७ नोव्हेंबर. हजर : मी, नीता, नझीमभाई. गैरहजर : संजय. कारण : गुडघा. निघालो सहा चाळीसला. हवा कोरडी, वारा मागून. सड्यावरचं गवत पिवळं. वाटेत भेटलेल्या गाड्या : शून्य. बंद केलेलं फाटक : एक.

ही नोंद गेल्या वर्षीची. आज सकाळी पूर्णगडला एसटीतून उतरले तेव्हा वर सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराचा, रंग तोच दिसला, धुऊन वाळत घातलेल्या गोणपाटासारखा. म्हणून घरी आल्यावर जुनी वही काढली. मी वह्या टाकत नाही. माझी नोकरीच दवाखान्याच्या औषध भांडारातली आहे. काय आलं, काय गेलं, कशाची मुदत संपत आली, हे लिहिल्याशिवाय माझा दिवस मिटत नाही. त्या रविवारी फाटकाची ओळ लिहून मी खाली रेघ मारली होती. रेघ चांगली सरळ आहे. काहीतरी नीट पार पाडल्यावर माझी रेघ अशी येते.

सायकल आम्ही तिघांनी तशी उशिराच धरली. नीता शाळेत भूगोल शिकवते, पंचेचाळिशीची. नझीमभाई साठीचे. पंचवीस वर्षं आखातात क्रेन चालवून पूर्णगडला घरी परतले, आणि जमिनीवर करमेना म्हणून दोन चाकांवर चढले. मी बावन्न. सुरुवातीला आम्ही डांबरी रस्त्यानेच जायचो. पण मागून ट्रक आला की मान आपोआप खांद्यात जाते, आणि दर दोन मिनिटांनी मान खांद्यात घालून फिरण्यात काय सुख? आम्हाला गाडी नसलेला रस्ता हवा होता. नकाशात तो सापडेना. नझीमभाई म्हणाले, "खाली कशाला शोधता, ताई? वर चला. चिऱ्यांच्या ट्रकांनी केलेले रस्ते आहेत. ट्रक गेले, रस्ते राहिले."

तसंच निघालं. सड्यावर जांभ्याचे चिरे कापायच्या खाणी होत्या, त्यातल्या बऱ्याच आता बंद आहेत. पण एकेका खाणीपर्यंत जाणारा तांबडा, खडीचा रस्ता अजून आहे आणि तो खाणीच्या तोंडाशी संपतो. पुढे कुठेच जात नाही, म्हणून कोणी येत नाही. आमच्या तिघांच्या सायकली नझीमभाईंच्या पडवीत असतात. रविवारी पहिल्या एसटीने नीता आणि मी पोचतो, त्यांच्या घरी चहा होतो, आणि आम्ही वर चढतो. संजय, म्हणजे माझा नवरा, दर शनिवारी रात्री मला बाटली भरून देतो आणि एक वाक्य ऐकवतो. "लोक खड्डे चुकवतात, तुम्ही शोधत जाता."

खडीवर सायकल चालवणं हे एक वेगळंच शिक्षण आहे. जांभ्याची बारीक खडी गोल असते. चाकाखाली ती आधी सरकते, मग थोडा विचार करते आणि मग थांबते. हँडल घट्ट धरलं की पडायला होतं. सैल धरलं की सायकल स्वतःची वाट काढते. नझीमभाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या टायरमधली हवा कमी केली. मी हरकत घेतली, कारण टायरवर आकडा छापलेला होता. ते म्हणाले, "आकडा डांबराचा आहे, ताई. इथं दगडाला विचारायचं." आवाजही वेगळा. कोरड्या दिवसांत चाकाखाली भाजलेले चणे चावल्यासारखा कुरकुर आवाज येतो, आणि तो थांबवून उभं राहिलं की एकदम टिटवी ऐकू येते. ती आधीपासूनच ओरडत असते. आपल्यालाच ऐकू येत नसते.

माझ्या वहीत सड्यासाठी दोन रकाने आहेत. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "विचारायचं". डावा भरतो तसा उजवाही भरतो, पण उजव्यातलं खोडलं जातं फार हळू. गेल्या वर्षीच्या त्या पानावर उजवीकडे हे आहे : खाणीच्या भिंतीवर लाल खडूचे आकडे कशाचे? मधला एकच चिरा न कापता का सोडला? एवढ्या उंचावरच्या पाण्यात मासे आले कुठून?

बंद चिरेखाण ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगायला हवी. चिरा यंत्राने कापतात, त्यामुळे खाणीच्या भिंतींवर एकसारख्या आडव्या रेघा राहतात. पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा कुणीतरी वहीची पानं उभी करून ठेवल्यासारखं वाटलं होतं. कडेने एकेका चिऱ्याएवढ्या उंचीच्या पायऱ्या उतरत जातात. खालची पिवळट मऊ माती लागली की तिथला दगड संपला, मग माणसं यंत्र उचलून दुसरीकडे जातात. उरलेल्या खड्ड्यात चार महिने पाऊस साठतो आणि ते हिरवं पाणी मार्चपर्यंत पुरतं. सड्यावर पावसानंतर दुसरीकडे कुठे पाणी नसतं. तोडलेल्या जागेचाच गुरांना आधार होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एकदा त्या काठावर नीता म्हणाली, "रत्नागिरीतल्या प्रत्येक घराचा कुठेतरी एक खड्डा असणार." तेव्हापासून मी आमच्या घराच्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहते. आमचं घर चिऱ्यांचं आहे. त्याच्या मापाची रिकामी जागा कुठल्या सड्यावर आहे? संजयला विचारलं. तो म्हणाला, "ट्रक यायचा, चिरे उतरायचे. ट्रकला कोण विचारतं, बाबा रे तू कुठला?" हाही प्रश्न उजव्या रकान्यात आहे.

आता त्या फाटकाबद्दल.

आमच्या नेहमीच्या वाटेवर एक मोठी खाण आहे. तिच्याभोवती दगडांचा गडगा आहे आणि आत जायला एकच वाट. त्या वाटेवर दोन दगडी खांब, खांबांना भोकं, आणि भोकांतून आडवे सरकवायचे तीन बांबू. याला इकडे बेडं म्हणतात. बांबू सरकवले की वाट बंद, काढले की उघडी. आमच्या फिरण्यासाठी मी काही नियम लिहून काढले होते आणि तिघांच्याही पिशवीत एकेक प्रत ठेवली होती. नियम चौथा : उघडं राहिलेलं फाटक बंद करून पुढे जावं. नियम शहाणपणाचाच होता. कुणीतरी विसरतं, गुरं सुटतात, शेत खातात. त्या सकाळी बेड्याचे तिन्ही बांबू खाली पडलेले होते आणि वाटेपलीकडे कुळथाचं कोवळं शेत होतं. कुणीतरी विसरलं आहे, हे मी दोन सेकंदांत ठरवलं. बांबू सरकवले. तेही सैल वाटले, म्हणून नझीमभाईंच्या पिशवीतून केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि वरचा बांबू खांबाला आवळून टाकला. ती पट्टी एकदा आवळली की उलटी निघत नाही. नीता म्हणाली, "मेधाताई, आत बघूया का एकदा?" मी घड्याळ पाहिलं. साडेआठची एसटी गाठायची होती.

पुढच्या रविवारी त्याच जागी रस्ता बंद होता. करवंदीच्या काटेरी फांद्यांची रास वाटेवर आडवी टाकलेली. राशीपलीकडे चिऱ्यावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, कमरेला कोयता. आमची चाकं थांबली. मग तिने मूठ उघडली. मुठीत पांढऱ्या पट्टीचे दोन तुकडे होते.

"बेडं कुणी बांधलान?"

नझीमभाई म्हणाले, "पट्टी माझ्या पिशवीतली आहे."

"पिशवी नाय इचारली मी. हात इचारला."

"मी बांधलं," मी म्हटलं. "वाटलं, कुणीतरी उघडं विसरलं."

"इसरलं?" ती बाई नीताकडे वळली, जणू माझ्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. "भात कापून झाला की बेडं काढतात, ते पाऊस पडंपर्यंत. गुरं सकाळची आत जातात, पानी पितात, आपली आपन वर चरायला येतात. माझ्या सासऱ्यापासनं असंच हाय. आनि ही म्हनते इसरलं."

ती शेवंतावहिनी. वाडी सड्याच्या पलीकडच्या उतारावर, नवरा मुंबईला एका इमारतीवर पहारेकरी, घरी चार गुरं. त्या रविवारी ती माहेरी बारशाला गेली होती. गुरं संध्याकाळी घरी आली नाहीत, पण शेजारणीला वाटलं, वहिनीने कुठे बांधली असतील. सोमवारी दुपारी वहिनी परतली तेव्हा चारही गुरं खाणीत होती. पाणी होतं, चारा नव्हता. तीन गुरं उभी होती. चौथी, तांबू नावाची पहिलटकरीण, सात महिन्यांची गाभण, भिंतीकडच्या पायऱ्यांवरून वर यायला गेली होती. त्या पायऱ्या जिन्यासारख्या दिसतात, पण तिसऱ्या चिऱ्यावर शेवाळ होतं. पुढचा उजवा पाय मुरगळून ती दिवसभर आणि रात्रभर तिथेच बसली होती.

"डॉक्टर आलेला," वहिनी म्हणाली. "म्हनला, पाय सुधारंल. पोटातल्याचं सांगता येत नाय. वाट बगा."

मी वही काढली. का काढली, सांगता येत नाही. हाताला दुसरं काही सुचत नसेल. वहिनीने वहीकडे पाहिलं. "लिवताव? लिवा. आमी उपाशी गुरं भायेर काढत होतो तवा तुमी काय लिवलाव ता बी दाखवा."

मी दाखवलं नाही. त्या ओळीखालची सरळ रेघ मला तेव्हाच दिसत होती.

आम्ही काय करू शकतो, असं नझीमभाईंनी विचारलं. वहिनी म्हणाली, तांबू आता त्या बेड्यातून आत जात नाही. खांबांपाशी येते, नाक फुगवते आणि फिरते. बाकीची तिन्ही जातात, ही नाही. त्यामुळे हिचं पाणी रोज खाणीतून काढून वर न्यावं लागतं, सकाळच्या चार बादल्या. "रविवारचं पानी तुमी घाला. मंग वाटंवरचं काटं मी काढते."

एवढंच. त्या काळात मी ज्यांच्या ज्यांच्याशी हे बोलले, त्यांना ते फार थोडं वाटलं. मला ते थोडं वाटलं नाही. सायकलने पोचायचं, खाणीत उतरायचं, भरलेली बादली घेऊन त्याच वाटेने चढायचं आणि एका गाईसमोर ठेवायची, जी आपल्याकडे बघत नाही. औषध मोजून दिलं की माझं काम संपतं. ते पोटात गेल्यावर काय होतं, ते मी कधी उभं राहून पाहिलेलं नव्हतं.

त्या हंगामाचं वहीत असं आहे. पहिला रविवार : तांबू दोन बादल्या प्यायली, तिसरी लाथेने आडवी केली. दुसरा : पायाची सूज कमी. नीताने विचारलं, आता बरी आहे का? वहिनी म्हणाली, "तिला इचारा." तिसरा : वारा उत्तरेचा, कडाक्याची थंडी, खाणीच्या पाण्यावर वाफ. चौथा : नझीमभाईंनी बादलीच्या कडीला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. वहिनी ते बघून प्रथमच हसली. "आखातात हेच शिकलाव काय?" नझीमभाई म्हणाले, "तिथं बादली क्रेनने उचलायचो." त्या दिवसापासून ती त्यांना क्रेनवाले म्हणू लागली. मला ती बरेच दिवस काहीच म्हणत नव्हती. मग एकदा म्हणाली, "ओ वहीवाल्या बाय, जरा सरका." मला बरं वाटलं.

आणि या बादल्यांच्या फेऱ्यांत उजवा रकाना हळूहळू खोडला जाऊ लागला. भिंतीवरचे लाल आकडे कामगारांचे होते. घाटावरून आलेली माणसं रोज किती चिरे कापले ते तिथेच लिहायची, कारण कागद भिजायचा. न कापलेल्या चिऱ्यावर त्यांचा देव मांडलेला असायचा. मासे कुठून आले, या प्रश्नावर नीताने पक्ष्यांच्या पायांना चिकटणाऱ्या अंड्यांबद्दल बरंच सांगितलं. वहिनीने ते शांतपणे ऐकून घेतलं. "मी आनलं," ती म्हणाली. "वहाळातनं, कळशीतनं. डास होत होतं." माशांबद्दल आम्ही महिनाभर तर्क करत होतो आणि ज्या बाईने ते आणले ती दर रविवारी आमच्यासमोर उभी होती.

वहिनीकडे वही नव्हती. पण कुठलं बेडं कधी उघडायचं, कुठल्या गडग्यातली कुठली वाट शिमग्यापर्यंत मोकळी, काजूला फुलोरा आला की कुठलं फाटक लावायचं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मी ते विचारून लिहून घेतलं. दोन पानांचा तक्ता झाला. चौथा नियम मी तिन्ही प्रतींवर खोडला आणि वर लिहिलं : फाटक जसं असेल तसं सोडावं, शंका आल्यास आत डोकावावं, तरी शंका राहिल्यास विचारावं. नीता म्हणाली, "मधलं आधी लिही." मी क्रम बदलला.

जानेवारीच्या शेवटी कलमांना मोहोर आला. सड्याच्या उतारावरून वर येताना तो वास एका वळणावर अंगावर येतो, आंबूसगोड, आणि पुढच्या वळणावर नसतो. त्या रविवारी बेड्यापाशी वहिनी नव्हती. आम्ही बादल्या भरल्या, वर नेल्या, थांबलो. तासाभराने वाडीतला एक म्हातारा गृहस्थ आला आणि म्हणाला, "शेवंतानं बोलावलान. गोठ्याकडं चला. सायकली हितंच ऱ्हाऊ दे, कोन नेत नाय."

उताराची ती पाच मिनिटं मी काहीही मोजलं नाही.

गोठ्यात तांबू उभी होती, उजवा पाय जरा उचललेला, आणि तिच्या पोटाखाली ओलं, तांबूस, अजून नीट उभं न राहता येणारं वासरू. वहिनी कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. डोळे लाल होते. "पाटं झाली," ती म्हणाली. "पाडी हाय." मग माझ्याकडे बघून, "आता लिवा काय लिवायचं ता."

मी लिहिलं : पाडी. सुखरूप. खाली रेघ मारली नाही.

त्यानंतर मार्च संपेपर्यंत, खाणीचं पाणी तळाला जाईपर्यंत, आम्ही रविवारचं पाणी घालत होतो. पावसाळ्यात सड्याच्या कातळावर जागोजाग पाणी असतं, तेव्हा सुट्टी. आज या वर्षीच्या पाण्याचा पहिला रविवार. भात कापून झालं आहे. संजयचा गुडघा तसाच आहे, वाक्यही तेच.

आज बेड्यापाशी पोचलो तर बांबू काढून गडग्याला टेकवून ठेवलेले होते, वाट मोकळी. मी आधी आत डोकावले. तीन गुरं काठाशी पीत होती. गेल्या महिन्यात नझीमभाईंनी खांबच उपटून टाकू, असं सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं, तांबूला खांब दिसले की पट्टी आठवते. वहिनीला ते पटलं नव्हतं. "खांब काढलाव तर पावसात बेडं कशाला लावू? तुमच्या पट्टीला?" नीताला वाटतं, वास असेल. मी त्या दोन खांबांमध्ये गुडघे टेकून, जिथे बांबू आवळला होता ती जागा हाताने चाचपली. दगड गार होता. तिथे काहीच नाही. गाईला तिथे नेमकं काय दिसतं, हे उजव्या रकान्यात वर्षभर आहे.

आम्ही बोलत असताना मागून तांबू आली, किंचित लंगडत. सोबत पाडी, आता दहा महिन्यांची, उडाणटप्पू. पाडी आमच्यामधून वाट काढत सरळ खांबांच्या मधून आत गेली, उतरली आणि पुढचे पाय पाण्यात घालून प्यायला लागली. तांबू खांबांशी थांबली. नाक फुगवलं. आत लेकीकडे बघत राहिली. पाडीने एकदा मान वर करून हंबरून पाहिलं. तांबूने उजवा पाय उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"जाईल काय ओ कधी?" नझीमभाईंनी विचारलं.

"तिला इचारा," वहिनी म्हणाली आणि बादल्या माझ्याकडे सरकवल्या.

मी चार खेपा केल्या. आजच्या पानावर सगळं लिहून झालं आहे. हजेरी, हवा, वारा, गाड्या शून्य. करायच्या कामांत बहुतेक सगळ्यांवर खूण आहे. एकावर नाही. गेल्या नोव्हेंबरपासून ते काम मी दर महिन्याला नव्या पानावर उतरवते आहे, आज पुन्हा उतरवलं : तांबू, बेड्यातून आत.